मारिया गोपर्ट-मेयर : जिचे गणित मोजायला जगाला तीस वर्षे लागली

स्त्री शास्त्रज्ञ म्हटले की मेरी क्युरी यांचे नाव आपल्या तोंडावर लगेच येते. पण भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारी जगातली दुसरी स्त्री कोण, असे विचारले की वर्ग एकदम शांत होतो. त्या होत्या मारिया गोपर्ट-मेयर. मेरी क्युरींना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले १९०३ मध्ये आणि मारिया यांना १९६३ मध्ये. मधल्या साठ वर्षांत हा मान दुसऱ्या कुठल्याच स्त्रीला मिळाला नव्हता.

नोबेल त्यांना अणूच्या केंद्रकावरील कामासाठी मिळाले. पण त्याच्याही खूप आधी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी प्रकाशाविषयी एक गणित मांडले होते. आज प्रयोगशाळेत नॅनोकणांवर लेसर टाकून त्यांचे गुणधर्म मोजतात, तेव्हा येणारे उत्तर ज्या एककात लिहितात, त्या एककाला मारिया यांचेच नाव आहे. या पाठात आपण त्यांचे जीवन आणि त्यांचे ते गणित, दोन्ही समजून घेऊ.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव : मारिया गोपर्ट-मेयर
- जन्म : २८ जून १९०६, कॅटोविट्झ (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये)
- वडील : फ्रीडरिश गोपर्ट, बालरोगतज्ज्ञ आणि प्राध्यापक
- शिक्षण : गटिंगेन विद्यापीठ, जर्मनी, डॉक्टरेट १९३०
- पती : जोसेफ मेयर, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ
- मुख्य काम : द्विफोटॉन शोषणाचे गणित, अणुकेंद्रकाचे कवच प्रतिरूप
- नोबेल : १९६३, भौतिकशास्त्र
- मृत्यू : २० फेब्रुवारी १९७२, सॅन डिएगो, अमेरिका

बालपण आणि शाळा

मारिया ही आईवडिलांची एकुलती एक मुलगी. ती चार वर्षांची असताना, १९१० मध्ये, वडिलांना गटिंगेन विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि सगळे कुटुंब त्या गावी राहायला गेले. वडिलांच्या बाजूने त्यांच्या घराण्यात सहा पिढ्या प्राध्यापकी चालत आली होती. त्यामुळे घरात पुस्तके, पाहुणे आणि चर्चा यांना तोटा नव्हता. मोठेपणी फक्त घर सांभाळणारी बाई होऊन राहायचे नाही, हे वडिलांनी तिला लहानपणापासून बजावले होते.

पण त्या काळी जर्मनीत मुलींना विद्यापीठात जाणे सोपे नव्हते. मुलग्यांसाठी शाळा होत्या. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची मुलींकडून तयारी करून घेणारी शाळा गटिंगेनमध्ये एकच होती, आणि ती स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांनी चालवलेली होती. मारिया तिथे शिकू लागली. पुढे जर्मनीत भयंकर महागाई आली आणि ही शाळा बंद पडली. तरी तिथल्या शिक्षिकांनी मुलींना शिकवणे सोडले नाही. मारियाने एक वर्ष आधीच, सतराव्या वर्षी, परीक्षा दिली आणि ती पासही झाली. शाळा बंद पडली म्हणून शिक्षण बंद पडले नाही, हे इथे लक्षात ठेवा.

गटिंगेन : शास्त्रज्ञांचे गाव

१९२४ मध्ये मारियाने गटिंगेन विद्यापीठात प्रवेश घेतला, तो गणितासाठी. महान गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट तर त्यांच्या घराचे स्नेहीच होते. पण त्याच सुमारास गटिंगेनमध्ये भौतिकशास्त्राची मोठी उलथापालथ चालू होती. मॅक्स बॉर्न आणि त्यांचे तरुण सहकारी क्वांटम यांत्रिकी नावाचे नवे शास्त्र घडवत होते. अणूच्या आत काय चालते याची जुनी सगळी चित्रे पुसून नवी काढली जात होती. मारियाला या विषयाने ओढून घेतले आणि ती गणिताकडून भौतिकशास्त्राकडे वळली. बॉर्न तिचे मार्गदर्शक झाले.

१९२७ मध्ये वडील वारले. घर चालवायला आईने घरातल्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यातल्याच एका खोलीत एक अमेरिकन तरुण राहायला आला. त्याचे नाव जोसेफ मेयर, सगळे त्याला जो म्हणत. जो रसायनशास्त्रज्ञ होता. जानेवारी १९३० मध्ये दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी मारियाने प्रबंध पूर्ण केला. तिची परीक्षा घ्यायला तिघे जण बसले होते : मॅक्स बॉर्न, जेम्स फ्रँक आणि अडोल्फ विंडाउस. फ्रँक आणि विंडाउस यांना तेव्हाच नोबेल मिळालेले होते, बॉर्न यांना ते पुढे १९५४ मध्ये मिळाले. म्हणजे परीक्षक तिघेही नोबेलवाले!

प्रबंधात नेमके काय होते?

आता जरा नीट लक्ष द्या, कारण पाठाचा गाभा इथेच आहे.

प्रकाश हा छोट्या छोट्या पुडक्यांच्या रूपात येतो, त्या पुडक्यांना आपण फोटॉन म्हणतो. अणूने एक फोटॉन शोषला की तो वरच्या ऊर्जापातळीवर जातो. पण फोटॉनची ऊर्जा त्या पातळीपर्यंत पोहोचण्याइतकी असली पाहिजे. ती अपुरी असेल तर फोटॉन तसाच निघून जातो. मधली पायरी नाही, त्यामुळे अर्ध्यावर थांबून पुढच्या फोटॉनची वाट बघत बसायचीही सोय नाही. इतके त्या काळी ठाऊक होते.

मारियाने प्रश्न विचारला तो असा : अपुऱ्या ऊर्जेचे दोन फोटॉन अगदी एकाच क्षणी आले तर? दोघांची ऊर्जा मिळून अणू वरच्या पातळीवर जाईल का? डिरॅक या शास्त्रज्ञाने प्रकाश आणि अणू यांच्या देवाणघेवाणीचा सिद्धांत नुकताच मांडला होता. तो वापरून तिने गणित केले आणि उत्तर आले : हो, जाईल. यालाच द्विफोटॉन शोषण म्हणतात.

आपल्या कॅम्प १ मधलं उदाहरण घेऊ. बाजारात एखाद्या जुन्या दुकानाचं गंजलेलं, जड शटर असतं ना, ते एकट्याने उचलत नाही. एक माणूस आला, जोर लावला, नाही उचललं, निघून गेला. तासाभराने दुसरा आला, तोही गेला. असे शंभर जण एकेकटे येऊन गेले तरी शटर बंदच राहणार. पण दोन माणसं एकाच क्षणी आली आणि दोघांनी मिळून जोर लावला, तर शटर वर! आता रस्त्यावर माणसं तुरळक असतील, तर दोन जण नेमके एकाच क्षणी तिथे असण्याची शक्यता किती? अगदीच कमी. पण सणासुदीला खच्चून गर्दी असेल, तर दोन जण तिथे कधीही सापडतील.

गंमत पुढेच आहे. रस्त्यावरची गर्दी दुप्पट झाली, तर एकट्याने होणारी कामं दुप्पट होतात. पण दोघांनी एकदम येऊन करायची कामं चौपट होतात. गर्दी तिप्पट झाली तर नऊपट, दहापट झाली तर शंभरपट. म्हणजे ही शक्यता गर्दीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रकाशाच्या भाषेत गर्दी म्हणजे तीव्रता. एका फोटॉनचं शोषण तीव्रतेच्या प्रमाणात वाढतं आणि आलेख सरळ रेषेत येतो, म्हणून ते रेषीय. दोन फोटॉनचं शोषण तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे वाढतं आणि आलेख सरळ रेषा सोडून वर वळतो, म्हणून ते अरेषीय. अरेषीय प्रकाशकी या शब्दाला घाबरायचं कारण नाही, त्याच्या मुळाशी असा हा साधा हिशेब आहे.

मग हे कोणी करून का पाहिले नाही? कारण तेवढा तीव्र प्रकाशच जगात नव्हता. भर उन्हात ठेवलेल्या ऱ्होडामिन बी नावाच्या रंगद्रव्याचा एक रेणू साधारण सेकंदाला एक फोटॉन शोषतो. पण दोन फोटॉन एकदम शोषण्याची वेळ त्याच्यावर सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा येते! सूर्याच्या उजेडात ही अवस्था, तर १९३० सालच्या दिव्यांचे काय घेऊन बसलात. मारियाचे गणित १९३१ मध्ये छापून आले. ते बरोबर होते, पण तपासायचे साधन नव्हते.

अमेरिका : काम आहे, पगार नाही

लग्नानंतर मारिया जोबरोबर अमेरिकेला गेल्या. जो यांना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी मिळाली होती. मारिया यांच्याकडे गटिंगेनची डॉक्टरेट होती, नव्या क्वांटम यांत्रिकीचे असे पक्के शिक्षण घेतलेली माणसे अमेरिकेत तेव्हा थोडीच होती. तरी त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. नवरा-बायको दोघांनाही एकाच विद्यापीठात नोकरी द्यायची नाही, असा नियम तेव्हा तिथे होता. त्यात मंदीचे दिवस. प्राध्यापकाच्या बायकोला कोण पगार देणार? त्यांना जर्मन भाषेतला पत्रव्यवहार सांभाळायचे एक छोटे काम नाममात्र मानधनावर मिळाले, आणि बसायला जागा.

मारिया यांनी ती जागा घेतली आणि आपले संशोधन चालू ठेवले. जर्मन पत्रे लिहून उरलेल्या वेळात त्यांनी रेणूंच्या रंगांवर काम केले, विद्यार्थ्यांना शिकवले, उन्हाळ्याच्या सुट्टीत गटिंगेनला जाऊन बॉर्न यांच्याबरोबर लेखन केले. १९३३ मध्ये मुलगी झाली आणि १९३८ मध्ये मुलगा. त्याच १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. बॉर्न आणि फ्रँक या त्यांच्या दोन्ही गुरूंना देश सोडावा लागला. ज्या गटिंगेनमध्ये मारिया वाढल्या, ते गटिंगेन काही महिन्यांत रिकामे झाले. घरदार मागे टाकून निघणे म्हणजे काय, हे उल्हासनगरकरांना वेगळे सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये नव्याने संसार मांडले, त्यातूनच तर आपले हे कॅम्प उभे राहिले.

१९३५ मध्ये मारिया यांनी आणखी एक गणित केले. काही अणुकेंद्रकांमधून दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी बाहेर पडू शकतील आणि हे इतके दुर्मीळ असेल की त्याला एकावर सतरा शून्ये इतक्या वर्षांहूनही जास्त काळ लागेल, असे त्यांनी दाखवले. ही घटना प्रयोगशाळेत थेट दिसली ती १९८७ मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी. तोपर्यंत मारिया हयात नव्हत्या.

१९३९ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. इथेही जो यांना पगार आणि मारिया यांना फक्त एक खोली. दोघांनी मिळून लिहिलेले सांख्यिकीय यांत्रिकीचे पुस्तक १९४० मध्ये आले आणि ते अनेक वर्षे अभ्यासले गेले. शेवटी डिसेंबर १९४१ मध्ये त्यांना साराह लॉरेन्स कॉलेजात शिकवण्याची पहिली खरी पगारी नोकरी मिळाली, तीही अर्धवेळ. डॉक्टरेट होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती! दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या प्रकल्पावरही काम केले.

जादुई अंक

१९४६ मध्ये मेयर कुटुंब शिकागोला आले. विद्यापीठाने मारिया यांना प्राध्यापकपद दिले, पण बिनपगारी. जवळच अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिथे त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना अर्धवेळ नोकरी देऊ केली. अणुकेंद्रक हा विषय मारिया यांना नवा होता. वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या नव्याने शिकायला बसल्या.

तिथे त्यांच्या लक्षात आले की काही अणुकेंद्रके इतरांपेक्षा फारच टिकाऊ असतात. त्यांच्यातल्या प्रोटॉनची किंवा न्यूट्रॉनची संख्या मोजली की ठरावीक आकडे पुन्हा पुन्हा येतात : २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६. कथलात ५० प्रोटॉन असतात आणि त्याची दहा स्थिर समस्थानिके आहेत. शिशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या समस्थानिकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. या आकड्यांना जादुई अंक म्हणू लागले. पण हेच आकडे का?

मारिया यांना वाटत होते की केंद्रकातही कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कवचे असावीत. तरी आकडे जुळत नव्हते. एकदा एन्रिको फर्मी यांनी बोलता बोलता विचारले की कणांची स्वतःभोवतीची गिरकी आणि केंद्राभोवतीचे फिरणे यांचा एकमेकांशी काही संबंध दिसतो का? हा प्रश्न कानावर पडला आणि काही मिनिटांत मारिया यांना सगळे कोडे सुटले. पुढे त्या हे समजावताना हॉलभर गोल फिरत नाचणाऱ्या जोडप्यांचे उदाहरण देत. आपण फुगडीचे उदाहरण घेऊ. मंगळागौरीला अंगणात फुगडीच्या अनेक जोड्या गोल रिंगणात सरकताहेत असे समजा. रिंगण ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फुगडी घालणे सोपे जाते, उलट्या दिशेने जड जाते. कणांच्या ऊर्जेतही असाच फरक पडतो, आणि तो धरला की जादुई अंक बरोबर येतात.

हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. इकडे कल्याणच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. योगायोग असा की जर्मनीत हान्स येन्सन आणि त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे याच उत्तरापर्यंत पोहोचले होते. शोध कोणाचा यावर भांडत न बसता मारिया आणि येन्सन यांची मैत्री झाली आणि १९५५ मध्ये दोघांनी मिळून या विषयावर पुस्तक लिहिले.

१९६० : दोन घटना, एकच वर्ष

१९६० मध्ये मारिया यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत पूर्णवेळ, पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद मिळाले आणि तिथे त्या रुजू झाल्या. घराण्यातली प्राध्यापकीची सातवी पिढी पूर्ण झाली, पण डॉक्टरेटनंतर तीस वर्षांनी!

त्याच १९६० सालच्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी माणिक वापरून जगातला पहिला लेसर चालवला. लेसरमुळे प्रकाशाची ती गर्दी पहिल्यांदाच माणसाच्या हातात आली. लगेच पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, बेल प्रयोगशाळेत कायझर आणि गॅरेट यांनी युरोपियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकावर लेसरचा लाल प्रकाश टाकला, आणि स्फटिकातून निळा प्रकाश बाहेर आला. लाल फोटॉनची ऊर्जा निळ्यापेक्षा कमी असते. मग एका लाल फोटॉनमधून निळा कसा येईल? दोन लाल फोटॉन एकदम शोषले गेले तरच ते शक्य होते. मारिया यांचे तीस वर्षांपूर्वीचे गणित खरे ठरले.

नॅनोकण आणि जीएम

पुढे द्विफोटॉन शोषण किती जोराचे आहे हे सांगायला एक एकक ठरले. त्याचे नाव गोपर्ट-मेयर, थोडक्यात जीएम. वडिलांकडचे आडनाव आणि सासरचे आडनाव, दोन्हींची आद्याक्षरे त्यात आहेत. एक जीएम म्हणजे १० चा उणे ५० वा घात : शून्य, मग दशांश चिन्ह, मग ४९ शून्ये आणि त्यानंतर १. सोबत सेंटीमीटरचा चौथा घात आणि सेकंद, दर फोटॉनमागे. सेंटीमीटरचा चौथा घात म्हणजे क्षेत्रफळ गुणिले क्षेत्रफळ, कारण फोटॉन दोन आहेत. सेकंद का? तर दोघांनी एकाच वेळी यायचे आहे म्हणून. हा आकडा इतका लहान आहे, यावरूनच ही घटना किती दुर्मीळ ते कळते.

आता नॅनोकणांकडे येऊ. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. सोनं नेहमी पिवळं दिसतं, पण त्याचे नॅनोकण पाण्यात असले की पाणी लालसर दिसतं. आकार लहान झाला की प्रकाशाशी असलेलं नातंच बदलतं. त्यामुळे नॅनोकणांवर तीव्र प्रकाश टाकला तर काय होतं, हे मोजणं महत्त्वाचं ठरतं.

हे मोजण्याची एक सोपी रीत १९९० च्या सुमारास पुढे आली, तिला झेड-स्कॅन म्हणतात. ती अशी :

१. लेसरचा झोत भिंगातून जाऊ द्यायचा. झोत आधी निमुळता होत जातो, एका बिंदूवर सर्वांत बारीक होतो आणि मग पुन्हा पसरतो. त्या बिंदूला नाभी म्हणतात. उन्हात भिंग धरून कागद जाळताना तुम्ही हीच नाभी शोधत असता.

२. नॅनोकण मिसळलेले द्रावण काचेच्या पातळ कुपीत भरायचे. ही कुपी झोताच्या वाटेवर थोडी थोडी पुढे सरकवायची : नाभीच्या अलीकडून नाभीपर्यंत आणि तिथून पलीकडे.

३. प्रत्येक जागी कुपीतून किती प्रकाश पार गेला ते मोजायचे आणि आलेख काढायचा.

कुपी नाभीपासून लांब असताना प्रकाश पसरलेला, म्हणजे गर्दी विरळ, म्हणून द्विफोटॉन शोषण जवळजवळ नाही. कुपी नाभीवर आली की गर्दी सर्वांत जास्त, शोषण एकदम वाढतं आणि पार जाणारा प्रकाश कमी होतो. आलेखात तिथे एक खड्डा पडतो. त्या खड्ड्याच्या खोलीवरून जीएमचा आकडा काढतात. मोजणाऱ्या यंत्रापुढे छोटं छिद्र ठेवलं, तर तीव्र प्रकाशात द्रावण स्वतःच भिंगासारखं वागतं का, तेही कळतं.

ऐकायला सोपं आहे, पण फसायच्या जागाही आहेत. लेसरने द्रावण तापलं तरी प्रकाश वळतो. कणांवरून प्रकाश विखुरला तरी तो कमीच भरतो. म्हणून आधी नुसता द्रावक मोजायचा, लेसरची शक्ती कमी-जास्त करून पुन्हा मोजायचं, आणि मगच कणांचा गुण म्हणून आकडा सांगायचा. तुम्ही शाळेत वजन करताना आधी रिकाम्या भांड्याचं वजन घेता, त्यातलाच हा प्रकार.

आकडे किती येतात? चमकणाऱ्या नेहमीच्या रंगद्रव्यांचे आकडे काही दहा ते काही शे जीएम असतात. २००३ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉट नावाच्या नॅनोकणांसाठी ४७,००० जीएमपर्यंतचा आकडा नोंदवला गेला. याचा उपयोग सूक्ष्मदर्शकात होतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक तयार झाला. त्यात अवरक्त प्रकाश वापरतात, तो जिवंत ऊतीत खोलवर जातो आणि फक्त नाभीच्या जागीच कण चमकतात. बाकी सगळा अंधार. त्यामुळे जिवंत प्राण्याच्या मेंदूतल्या पेशीही पाहता येतात. आपल्या देशातही हैदराबाद विद्यापीठासारख्या ठिकाणी नॅनोकणांची अशी मोजमापे चालतात. तुमच्यापैकी कोणी बारावीनंतर भौतिकशास्त्र घेतले, तर उद्या हा आलेख तुम्हीही काढाल.

शेवटची वर्षे

सॅन डिएगोला आल्यावर थोड्याच दिवसांत मारिया यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांनी शिकवणे आणि संशोधन चालू ठेवले. १९६३ मध्ये नोबेल जाहीर झाले. अर्धे पारितोषिक युजीन विग्नर यांना आणि उरलेले अर्धे मारिया व येन्सन यांना विभागून मिळाले. गावातल्या वर्तमानपत्राने बातमीचा मथळा देताना त्यांना शास्त्रज्ञ म्हणायच्या ऐवजी आई म्हटले! आई असणे अभिमानाचेच आहे, पण जो यांना नोबेल मिळाले असते तर मथळ्यात बाबा लिहिले असते का, याचा विचार तुम्हीच करा.

२० फेब्रुवारी १९७२ रोजी मारिया यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारी पुढची स्त्री म्हणजे २०१८ मध्ये डोना स्ट्रिकलंड. त्यांचे काम होते लेसरचे स्पंद अतिशय लहान आणि अतिशय तीव्र करण्याचे. म्हणजे मारिया यांच्या गणिताला जी गर्दी हवी होती, तीच आणखी वाढवण्याचे!

आपण काय शिकायचे?

या चरित्रातून पगाराशिवाय काम करत राहावे असा अर्थ कोणी काढू नये. मारिया यांना पगार न मिळणे हा सरळसरळ अन्याय होता. ज्या तीस वर्षांत त्यांना पूर्ण पद मिळाले नाही, त्याच काळात त्यांनी द्विफोटॉन शोषण, दुर्मीळ किरणोत्सार आणि जादुई अंक अशी तीन मोठी कामे केली. कामात काही कमी नव्हते, मोजणाऱ्यांचे माप चुकीचे होते. नॅनोकणाचा गुण लेसर येण्याआधीही त्याच्यात होताच. तो मोजणारे साधन उशिरा आले, एवढेच.

आपल्या वस्तीतही कितीतरी मुली घरकाम, दुकानाचा हिशेब, लहान भावंडे सांभाळून अभ्यास करतात. त्यांची हुशारी मार्कांच्या कागदावर नेहमी उतरतेच असे नाही. मुलींनो, तुमची वही बंद करू नका. आणि पालकांनो, मुलगी विज्ञान शाखा मागत असेल तर तिच्या मागे उभे राहा. मारियाच्या मागे आधी वडील आणि नंतर जो उभे राहिले, शाळा बुडाली तरी शिक्षिका उभ्या राहिल्या. नियमांनी मात्र साथ दिली नाही. नियम बदलणे हे आपणा सगळ्यांचे काम आहे.

स्वाध्याय

१. रेषीय आणि अरेषीय यांतला फरक शटरच्या उदाहरणावरून तुमच्या शब्दांत सांगा.
२. प्रकाशाची तीव्रता पाचपट केली तर द्विफोटॉन शोषण किती पट होईल?
३. झेड-स्कॅनमध्ये कुपी नाभीवर आली की आलेखात खड्डा का पडतो?
४. नॅनोकणांआधी नुसता द्रावक का मोजतात?
५. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या अशा एका स्त्रीविषयी दहा ओळी लिहा, जिच्या कामाचे मोल अजून कोणी केलेले नाही.